ओडिसिअस, युलिसिस, ओलुतेउस: माणूस एक, नावं किती?

ओसरी
भाचा आठवीत आहे. वाचनालयातून त्याने दोन पुस्तकं आणली. एकात युलिसिस एकडोळ्या राक्षसाला फसवतो, दुसऱ्यात ओडिसिअस. जेवताना पोराने विचारलं, "मावशी, यातल्या कुणी कुणाची गोष्ट ढापली?" एक ग्रीक नाव, दुसरं लॅटिन, असं ठोकून दिलं आणि आमटी वाढली. तर म्हणे, "पण मग 'ड'चा 'ल' कसा झाला?" आता आली का पंचाईत!

मी हौसेने दोन वर्षं जुनं ग्रीक शिकले होते, त्या वह्या माळ्यावरून काढल्या. 'ड' आणि 'ल'चं कोडं सुटलं नाही, पण नावाच्या अर्थाचा प्रसंग पुन्हा वाचला आणि त्यातच रात्र गेली.

ग्रीक महाकवी होमरच्या 'ओडिसी'च्या १९व्या सर्गात आहे तो. ट्रॉयच्या युद्धावरून वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या नायकाचे पाय म्हातारी दाई युरिक्लेइया धुतेय. मांडीवरच्या जुन्या व्रणावर तिचा हात फिरतो आणि तिथेच कवी गोष्ट थांबवून सत्तरएक ओळी मागे जातो. हे मूल जन्मलं तेव्हा त्याच्या आईचे वडील औतोलुकोस इथाकाला आले होते. रात्रीची जेवणं झाल्यावर याच दाईने बाळ त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलं आणि म्हणाली, लेकीच्या लेकराचं नाव आता तुम्हीच शोधा, हे 'पोलुआरेतोस' आहे. म्हणजे ज्याच्यासाठी पुष्कळ प्रार्थना केल्या ते. आपल्याकडे म्हणतात तसं नवसाचं पोर. दाईने नावही जवळजवळ सुचवूनच टाकलं होतं.

आजोबा म्हणजे अट्टल चोर, शपथा घेण्यात आणि त्यांतून निसटण्यात पटाईत. त्यांनी ते नाव घेतलंच नाही. म्हणाले, मी पुष्कळ पुरुषांवर आणि बायकांवर 'ओदुस्सामेनोस' होऊन इथे आलोय, तेव्हा याचं नाव ओदुस्सेउस (ओडिसिअसचं मूळ ग्रीक रूप; भाच्याचा 'ड' तो हाच 'द'). 'ओदुस्सोमाय' हे क्रियापद राग धरणे, द्वेष करणे अशा अर्थाचं. मला मराठीत सगळ्यात जवळचं वाटतं ते डूख धरणे.

मग गोष्ट पुन्हा वर्तमानात येते. म्हातारीच्या हातून पाय सुटतो, तसराळ्यावर आपटतो, काशाचा आवाज होतो, पाणी सांडतं. ज्या दाईने बाळाला नावासाठी पुढे केलं, तिनेच त्याला ओळखलं, तेही स्पर्शाने.

तर प्रश्न दोन. हा अर्थ खरा, की कवीने नंतर बसवलेला? आणि 'ल' आला कुठून? जाणकारांनी लिहावं.

आजोळ
आपल्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते, तिथे आईचा बाप ठेवतोय, गंमत आहे. पण अशुभ नाव ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. मूल जगत नसलं की धोंडू, दगडू, केरबा. माझ्या पणजोबांच्या पाठचा भाऊ धोंडू होता, तो नव्वदीपर्यंत जगला. इथेही दृष्ट लागू नये म्हणून ठेवलं असेल का?

ओसरी
मलाही आधी धोंडूच आठवला. पण तिथे हेतू असतो की देवाचं किंवा सटवीचं लक्ष जाऊ नये, पोर नजरेतून सुटावं. इथे उलटं होतं. हे नाव देवांचं लक्ष ओढून घेतं. पहिल्याच सर्गात देवी अथेना देवांचा राजा झ्यूस याला विचारते, त्याच्यावर एवढा का रे 'ओदुसाओ'? पाचव्यात तो समुद्रात गटांगळ्या खात असताना समुद्रदेव पोसायडनच्या रागाबद्दल पुन्हा तेच क्रियापद येतं, एकदा समुद्रदेवी लेउकोथेआच्या तोंडी आणि एकदा त्याच्या स्वतःच्या. हे क्रियापद होमरमध्ये फार वेळा येत नाही, आणि 'ओडिसी'त येतं तेव्हा दर वेळी याच माणसाभोवती घुटमळतं. त्यामुळे कवी मुद्दाम टिचकी मारतोय यात मला शंका नाही.

फाटकी_वही
'ओदुस्सामेनोस' म्हणजे रागावलेला की ज्याच्यावर लोक रागावले तो? त्यावर सगळा अर्थ फिरतो ना?

ओसरी
फिरतो खरा. रूप आत्मनेपदी आहे. ते शेवटचं 'मेनोस' म्हणजे संस्कृतमधल्या वर्तमान, यजमान यांतल्या 'मान'चा सख्खा भाऊ. व्याकरणाने सरळ अर्थ 'मी पुष्कळांवर डूख धरली' असाच होतो. पण औतोलुकोससारख्या चोरावर लोकांनी डूख धरली असणार हे श्रोत्यांना सांगायला नको. नातवाच्या बाबतीत तर दोन्ही बाजू खऱ्या ठरतात: देव त्याच्यावर डूख धरतात आणि शेवटी तो त्याच्या बायकोला मागणी घालत दारात बसलेल्यांवर. पुढे सोफोक्लीसच्या एका हरवलेल्या नाटकाच्या तुकड्यात तर तो स्वतःच म्हणतो की माझं नाव योग्यच आहे, कारण पुष्कळ जणांनी माझा द्वेष केला.

दर्यावर्दी
थोडक्यात, ओडिसिअस म्हणजे डुख्या. भाच्याला एवढं सांगा, झोपेल.

खापरतुकडा
'ल'बद्दल मी लिहितो, तो माझा प्रांत. होमरची पोथी मिटा आणि मडक्यांकडे या.

फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात फ्रांस्वा कलश म्हणून एक मोठं मद्यपात्र आहे. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५७०च्या सुमारास एर्गोतिमोसने घडवलं, क्लेइतिअसने रंगवलं. दोघांच्या सह्या आहेत. १८४४-४५मध्ये इटलीत किउझीजवळच्या एत्रुस्कन (रोमनांच्या शेजारच्या प्राचीन लोकांच्या) थडग्यांमध्ये आलेस्सान्द्रो फ्रांस्वा यांना ते तुकड्यांत सापडलं. पुढे १९००मध्ये संग्रहालयाच्याच एका पहारेकऱ्याने स्टूल फेकून मारलं आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. पुन्हा जोडलं. (खापरं जोडणाऱ्यांच्या नशिबात हेच.)

त्यावर शंभराहून जास्त अक्षरलेख आहेत, बहुतेक सगळे माणसांची नावं. एका पट्ट्यात अकिलेउसचा मित्र पात्रोक्लोस याच्या श्राद्धाच्या वेळच्या रथशर्यती. सगळ्यात पुढचा सारथी कोण? नाव स्पष्ट लिहिलंय: ओलुतेउस. 'ल'ने. हाच तुमचा डुख्या.

आता होमरच्याच 'इलियड'चा २३वा सर्ग काढा. तिथे याच शर्यतीत तो नाहीच! तिथे तो पायी धावतो आणि त्याच्या पुढचा धाकटा अजॅक्स शेणावरून घसरतो म्हणून जिंकतो. चित्रकाराने गोष्ट पोथीतून घेतली नव्हती. त्याच्या कानावर जी गोष्ट होती तिच्यात हा रथ हाकत होता आणि त्याच्या नावात 'ल' होता.

दर्यावर्दी
किंवा क्लेइतिअसचं शुद्धलेखन कच्चं होतं. रंगाऱ्याने दुकानाच्या पाटीवर 'आर्शिवाद' लिहिलं म्हणून ती वेगळी बोली होत नाही.

खापरतुकडा
एका पाटीवर असतं तर मान्य केलं असतं. पण अथेन्सच्या कितीतरी भांड्यांवर ओलुतेउस, ओलुत्तेउस अशी रूपं आहेत, वेगवेगळ्या हातांची. कोरिंथच्या भांड्यांवर ओलिसेउस. दोन गावं, दोन लिप्या आणि चूक मात्र तीच? शिवाय 'स्स'च्या जागी 'त्त' ही अथेन्सची ठरलेली लकब आहे. इतर बहुतेक ग्रीक समुद्राला 'थालास्सा' म्हणत, अथेन्सवाले 'थालात्ता'. म्हणजे हे नाव त्यांच्या तोंडात मुरलेलं होतं, त्यांच्या बोलीच्या वळणाने बदललेलं होतं. ग्रंथातून उचललेलं नाव असं बदलत नाही. दगडू शिंप्याने म्हटलेला 'इठ्ठल' आणि छापील आरतीतला 'विठ्ठल' यांतला फरक समजा.

सांजवात
ड आणि ल यांचं तर आपल्याकडेही सख्य आहे. संस्कृत काव्यशास्त्रात 'डलयोरभेदः' म्हणतात. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे', तिथे मूळ धातू ईड्. गुडचा गूळ झाला, षोडशचे सोळा. म्हणजे ग्रीकांकडे हे आपल्याकडूनच गेलं असणार.

खापरतुकडा
पहिली चार वाक्यं सुंदर. पाचवं मागे घ्या.

जीभ टाळूला लागून ड म्हणायच्या ऐवजी बाजूने हवा सुटली की ळ होतो. हे जगात कुठेही होऊ शकतं, त्यासाठी कुणी कुणाकडे जायला लागत नाही. आणि ग्रीकमध्ये हे सरसकट झालेलंच नाही. सगळ्या 'ड'चे 'ल' झाले असते तर नियम म्हणता आला असता. झालंय ते मोजक्या शब्दांत, आणि तेही संशयास्पद शब्दांत. क्रीटचा चक्रव्यूह, लाबिरिंथोस घ्या. १९५२मध्ये मायकेल व्हेन्ट्रिसने रेखीय-ब ही ग्रीकांची फार जुनी लिपी उलगडली. तिच्यात क्रीटमधल्याच क्नोसोसच्या एका मातीच्या पाटीवर नोंद आहे: सगळ्या देवांना एक बुधला मध, 'दापुरितो'च्या स्वामिनीला एक बुधला मध. दापुरितो म्हणजे लाबिरिंथोस असं बहुतेकांचं मत आहे. तिथे 'द', नंतरच्या ग्रीकमध्ये 'ल'. दाफ्ने या झाडालाही पेर्गे गावात लाफ्ने म्हणत.

असे शब्द ग्रीक तिथे येण्याआधीच्या कुठल्यातरी भाषेतले असावेत असं मानतात. त्या भाषेतला ध्वनी ग्रीक कानाला धड 'ड'ही वाटला नसेल, धड 'ल'ही. ज्याने जसं ऐकलं तसं धरलं. आपला ळ इंग्रज माणूस कधी ल लिहितो, कधी र म्हणतो, तसं काहीसं. ओदुस्सेउस/ओलुत्तेउस त्याच पंगतीतला. म्हणजे 'डूख धरणारा' हा अर्थ उघडच नंतरचा, कारण 'ल'वाल्या नावातून तो निघतच नाही.

सांजवात
पाचवं वाक्य मागे. सोळा आणि गूळ मात्र माझे. :)

फाटकी_वही
नावाच्या शेवटच्या 'एउस'चं काय? अकिलेउस, थेसेउस, पेर्सेउस, पेलेउस... सगळे तसेच.

खापरतुकडा
जुना प्रत्यय आहे. रेखीय-ब लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर 'आकिरेउ' आणि 'तेसेउ' ही साध्या, हाडामांसाच्या माणसांची नावं म्हणून आहेत. अकिलेउस नावाचा कुणीतरी होता आणि त्याची नोंद सरकारी कारकुनाने केली होती, एवढंच त्यातून कळतं. ट्रॉयला कोण गेलं ते नाही.

यमाताराजभान
चर्चा छान चालली आहे, पण एक 'स' आणि दोन 'स' यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही? होमरमध्ये हे नाव दोन्ही तऱ्हेने येतं, ओदुस्सेउस आणि ओदुसेउस. हा छंदाचा मामला आहे आणि मराठी माणसाला तो चुटकीसरशी कळेल.

ओ-दुस्-सेउस: लघु, गुरु, गुरु. म्हणजे य गण. मनाच्या श्लोकांचा भुजंगप्रयात याच गणाने चार वेळा वळसे घेतो.
ओ-दु-सेउस: लघु, लघु, गुरु. म्हणजे स गण.

होमरची ओळ सहा चरणांची. पाचवा चरण बहुधा गुरु-लघु-लघु, शेवटचा दोन अक्षरी. ओळीच्या शेवटी 'पोलुमेतिस ओदुस्सेउस', म्हणजे बहुयुक्तीचा ओडिसिअस, हे किती सहज बसतं पाहा: मे-ति-सो | दुस्-सेउस. जोडाक्षर काढलं तर ओळ कोसळते. मध्ये कुठे दोन लघू हवे असले की एक 'स' गाळला, काम झालं. 'इलियड'च्या पहिल्याच ओळीत अकिलेउसचं षष्ठीचं रूप 'अखिलेओस' एकाच 'ल'ने आहे (नावाच्या नेहमीच्या रूपात दोन असतात), तेही याच कारणाने. आपल्या अभंगांत विठ्ठलाचा विठल होतो त्याला कुणी बोली म्हणत नाही.

१९२८मध्ये मिल्मन पॅरीने पॅरिसला जो प्रबंध दिला त्याचा गाभाच हा होता, की नावापुढची विशेषणं अर्थापेक्षा ओळीतल्या जागेनुसार निवडली जातात. ओळीच्या शेवटी थोडी जागा असेल तर 'दिव्य ओडिसिअस', जरा जास्त असेल तर 'बहुयुक्तीचा', आणखी हवी तर 'पुष्कळ सोसलेला दिव्य ओडिसिअस'. तोंडपाठ रचणाऱ्याच्या हाताशी हे तयार ठोकळे.

जाता जाता, 'ओडिसी'च्या पहिल्या ओळीत नायकाचं नाव नाहीच. 'मला त्या माणसाबद्दल सांग' अशी सुरुवात. नाव येतं थेट २१व्या ओळीत, एका 'स'चं, आणि तेही पोसायडनचा राग सांगताना.

ओसरी
अगं बाई! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाव पहिल्यांदा उच्चारलं जातं तेच देवाच्या रागाच्या वाक्यात.

आजोळ
'य गण' वाचून शाळेतले आपटे गुरुजी... असो, नाव घेत नाही. छडी आठवली.

दर्यावर्दी
मग रोमन लोकांनी मडकी वाचून नाव घेतलं म्हणायचं का?

खापरतुकडा
ऐकून घेतलं. लॅटिनमधलं जुनं रूप 'उलिक्सेस' आहे. 'युलिसिस' हे त्याच्या पुढच्या काळात बदललेल्या स्पेलिंगवरून इंग्रजीने केलेलं. हे उलिक्सेस होमरच्या ओदुस्सेउसवरून निघणं कठीण, पण दक्षिण इटली आणि सिसिलीत ग्रीक वसाहती होत्या, तिथल्या बोलीत 'ल'वालं रूप असणार. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने रोमन सेनापती मार्सेलसच्या चरित्रात सिसिलीतल्या एंगुइओन गावाबद्दल लिहिलंय की तिथल्या देवळात भाले आणि काशाची शिरस्त्राणं दाखवत, काहींवर ट्रॉयला लढलेल्या मेरिओनेस या ग्रीक वीराचं नाव, काहींवर 'उलिक्सेस'चं. आणि वाचकासाठी त्याला लगेच खुलासा करावा लागतो, 'म्हणजेच ओदुस्सेउस'.

सगळ्यात मजा लिविउस आन्द्रोनिकुसची. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणली. ग्रंथाचं नाव ठेवलं 'ओदुसिया', 'ड'नेच. आत मात्र उरलेल्या एका ओळीत भीतीने काळीज गोठतं ते 'उलिक्सेस'चं. मुखपृष्ठावर पोथीतलं नाव, आत लोकांच्या तोंडातलं. तुमच्या भाच्याच्या दोन पुस्तकांचं भांडण तिथेच सुरू झालं.

आणि शेजारचे एत्रुस्कन? त्यांच्या आरशांवर आणि भांड्यांवर 'उथुझे', 'उथुस्ते'. त्यांच्या भाषेत ड नव्हता, म्हणून थ. म्हणजे त्यांनी 'ड'वालं रूप उचललं. एकाच इटलीत दोन वाटांनी दोन नावं पोचली. म्हणून 'ग्रीकमध्ये ड, लॅटिनमध्ये ल' हे उत्तर निम्मंच बरोबर आहे. ड आणि ल दोन्ही ग्रीकच.

सांजवात
इथाकात काय म्हणत होते? गाव त्याचं, तिथलं खरं मानायला हवं.

खापरतुकडा
तिथे पोलिस उपसागराजवळच्या एका गुहेत १९३०च्या दशकात सिल्विया बेंटन यांना मातीच्या मुखवट्याचा तुकडा मिळाला. त्यावर 'ओदुस्सेउसला नवस' असा मजकूर, ड आणि दोन स. पण तो फार नंतरचा, होमर सगळीकडे पाठ झाल्यावरचा. तोवर पोथी जिंकली होती.

आजोळ
म्हणजे दाईने नवसाचं नाव सुचवलं ते आजोबांनी उडवून लावलं, आणि शेवटी लोक त्यालाच नवस बोलायला लागले! वा.

फाटकी_वही
पावसाची व्युत्पत्ती राहिली. नंतरच्या काही ग्रीक लेखकांनी सांगितलंय की आईला वाटेतच पावसात कळा आल्या आणि मूल झालं. वाट म्हणजे 'होदोस', पाऊस पडला म्हणजे 'हुसे', दोन्ही मिळून ओदुस्सेउस. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या नावामागे पांडव नाहीतर शिवाजी महाराज येऊन गेलेले असतात, तसलाच प्रकार. ऐकायला बरं.

ओसरी
बरं ते बरं. पण मला राहून राहून वाटतं ते राक्षसाच्या गुहेचं. तिथे तो नाव सांगतो 'ऊतिस', कुणी-नाही. डोळा फुटलेला पोलिफेमोस ओरडतो, कुणी-नाही मला मारतोय! बाहेरचे म्हणतात, कुणी नाही ना, मग गप झोप. त्यांच्या वाक्यात 'कुणी नाही' हे 'मे तिस' असं येतं, आणि जोडून म्हटलं की 'मेतिस', म्हणजे युक्ती. बहुयुक्तीचा ओडिसिअस मनातल्या मनात हसतो. हा श्लेष मराठीत कसा आणायचा, दोन दिवस डोकं फोडलं, जमलं नाही.

पण सुटल्यावर गप्प बसवत नाही त्याला. होडीतून ओरडून सांगतो, कुणी विचारलं तर सांग, नगरं लुटणाऱ्या ओडिसिअसने डोळा फोडला, लेर्तेसचा मुलगा, इथाकाचा राहणारा. नाव, बाप, गाव! संकल्प सोडताना भटजी विचारतात तसं सगळं साग्रसंगीत. आणि राक्षस तेच शब्द उचलून आपल्या बापाला, पोसायडनला, साकडं घालतो. पत्ता पूर्ण असल्याशिवाय शाप पोचत नसावा. कुणी-नाही राहिला असता तर दहा वर्षं वाचली असती.

दर्यावर्दी
हे मात्र पटलं. आता मुद्द्याचं बोला. मराठीत लिहायचं काय? ओडिसिअस, ओडिसियस, ओडिसस, ऑडिसिअस, सगळं पाहिलंय.

यमाताराजभान
शेवटचा 'स' तर मुळात ठेवायलाच नको. तो प्रथमेचा प्रत्यय आहे, आपल्या विसर्गासारखा. रामः लिहून मग 'रामःला' म्हणतो का आपण? ग्रीकमध्येही पुढच्या विभक्तीत तो जातो: अथेन्सच्या भाषेत द्वितीया ओदुस्सेआ, षष्ठी ओदुस्सेओस, संबोधन नुसतं ओदुस्सेउ. आपल्या 'घोडा'चं 'घोड्या' होतं तसं त्यांचं सामान्यरूप.

आणि याला जुना आधार आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजे कसे येतात? अंतिओखोसचा अंतियोक, प्तोलेमाइओसचा तुरमाय, अलेक्सान्द्रोसचा अलिकसुदर. विदिशाजवळच्या गरुडस्तंभावर हेलिओदोरोसचा हेलिओदोर, आणि त्याचा बाप दिओन तो दिय. आपल्या लोकांनी कानाने ऐकलं, शेवट छाटला आणि आपले प्रत्यय लावले.

खापरतुकडा
आजचे ग्रीक ओडिसेआस म्हणतात, द्वितीयेवरून नवी प्रथमा पाडून. १९७९चं साहित्याचं नोबेल मिळालेले कवी एलितिस यांचं नाव तेच. म्हणजे घरच्यांनीही रूप बदललं, मग आपण कशाला लाजायचं?

दर्यावर्दी
'ओदुस्सेउने होडी बांधली.' ऐकायला ओडियाचा दूरचा चुलता वाटतो. मी ओडिसिअसच लिहिणार.

ओसरी
भाच्याला रात्री मडक्याची गोष्ट सांगितली. रथ, 'ल', स्टूल फेकणारा पहारेकरी, ६३८ तुकडे. त्याला नावात फार रस उरला नव्हता. विचारत होता, त्या पहारेकऱ्याचं पुढे काय झालं. खापरतुकडा, सांगा बरं.